पाचव्या मजल्यावर अडलेलं दार

उल्का रायकर फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाली तेव्हा धायरीच्या चौकात तिच्या अभिनंदनाचा फ्लेक्स लागला होता. पुढे तो उन्हाने विटला, वाऱ्याने फाटला आणि तिच्या वडिलांनी, बजरंग रायकरांनी, तो उतरवून दुकानामागच्या सिमेंटच्या पोत्यांवर टाकला. तरी उल्काला नोकरी लागली नव्हती.

मधली वर्षं तिने शनिवार पेठेतल्या एका अभ्यासिकेत काढली. सकाळी डबा घेऊन यायचं, ठरलेल्या खुर्चीत बसायचं, संध्याकाळी परत जायचं. सरकारी नोकरीची पूर्वपरीक्षा निघायची, मुख्य परीक्षेत थोडक्यात राहायचं. शेजारच्या खुर्च्यांवरची माणसं बदलत गेली. कुणी पास होऊन गेलं, बरेचसे कंटाळून गावी गेले. मधूनमधून ती कंपन्यांत मुलाखतीला जाऊन यायची. तिथे सगळे एकच विचारायचे, "अनुभव काय?"

एकदा अभ्यासिकेच्या फळ्यावर कुणीतरी सरकारी योजनेचं पत्रक लावलं. पदवीधरांना एक वर्ष शिकाऊ म्हणून कंपनीत घ्यायचं, विद्यावेतनाचा अर्धा वाटा सरकार देणार. उल्काने त्याच दुपारी अर्ज भरला. तिला जागा मिळाली ती तिथून दोन गल्ल्या सोडून असलेल्या लिमये लिफ्ट सर्व्हिसमध्ये.

घरी सांगितलं तेव्हा तिची आई मैना भाकरी थापता थापता थांबली. "लिफ्टचं काम? ते बाप्या मानसांचं काम गं."

बजरंगना वेगळंच लागलं होतं. "इतकी वर्सं शिकलीस. आन् आता पुन्ना शिकाऊ? भावकीत काय सांगू?"

"सांगा, कामाला लागली म्हणून," उल्का म्हणाली.

लिमयांचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं आणि त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. मालक अनंतराव लिमये साठीचे, सडपातळ, चष्म्यावरून बघणारे. त्यांनी उल्काचे कागद चाळले.

"काय येतं तुम्हाला?"

"फिजिक्स, सर."

"म्हणजे काही येत नाही. ठीक आहे. तुमच्याआधी दोन पदवीधर आले होते. एकाला ग्रीसचा वास सहन झाला नाही, दुसऱ्याच्या आईला झाला नाही. तुम्ही फोन घ्या. तक्रार आली की पत्ता नीट विचारायचा, आवाज चढवायचा नाही. चढवायचा असेल तर तो मी चढवतो."

उल्का फोनवर बसली. पण कानावर जे पडे ते तिला बसू देईना. केबिन हलताना धक्का बसतो म्हणजे काय होतं? ब्रेकचा वास येतो म्हणजे नेमकं काय जळतं? संध्याकाळी मेकॅनिक परतले की ती विचारायची. बाकीचे हसण्यावारी न्यायचे. उत्तर द्यायचे ते एकटे दादामियाँ. ते लिमयांकडचे सगळ्यांत जुने मिस्त्री. कसबा पेठेत वाढलेले, दाढी पांढरी, आवाज मऊ. त्यांना सगळे चाचा म्हणायचे. महिनाभर उत्तरं दिल्यावर ते एक दिवस अनंतरावांच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले.

"साहेब, ही पोरगी फोनवर वाया चाललीय."

"आणि फोन कोण घेणार?"

"तुम्ही. आवाज तसाही तुम्हीच चढवता."

अनंतरावांनी चष्म्यावरून दोघांकडे बघितलं. मग त्यांनी फोन स्वतःकडे ओढून घेतला.

दुसऱ्या दिवसापासून उल्का चाचांच्या मागे गच्चीवरच्या मशीनरूममध्ये चढू लागली. पहिला धडा हात कुठे घालायचा नाही, याचा होता. मग दोराला फडकं लावून तुटलेला तंतू कसा शोधायचा, ब्रेक कसा सैल करायचा, वीज गेली तर चाक हाताने फिरवून केबिन मजल्याशी कशी आणायची. तळहाताला घट्टे पडले. नखांतलं काळं जाईना. मैनाने ते बघितलं आणि त्या दिवसापासून ती न्हाणीत लिंबाची फोड ठेवू लागली.

सोसायट्यांतले वॉचमन तिच्या मागे बघत विचारायचे, "मेकॅनिक कुठाय?"

"मीच," उल्का म्हणायची, आणि कामाला लागायची.

वर्ष संपत आलं तेव्हा वारज्याच्या त्रिवेणी हाइट्सचं प्रकरण उपटलं.

ती सात मजल्यांची इमारत, एकच लिफ्ट. दिवाळीनंतर तिथली लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर अडू लागली. संध्याकाळी दार उघडायचं आणि मिटायचंच नाही. बटणं दाबा, हाका मारा, केबिन तोंड उघडं टाकून उभी. थोड्या वेळाने आपोआप मिटायचं आणि लिफ्ट जणू काही झालंच नाही अशी चालू लागायची. तक्रार आली की चाचा शनिवार पेठेतून निघायचे, कर्वे रोडच्या गर्दीतून वारज्याला पोचेपर्यंत अंधार पडलेला असायचा आणि लिफ्ट ठणठणीत असायची.

चाचांनी दाराचा सेन्सर बदलला. दाराच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे डोळ्यांना न दिसणारे किरण जातात. मध्ये माणूस आला, किरण तुटले, की दार मिटत नाही. सेन्सर नवा बसवला, तरी आठवड्याभरात तिसऱ्याबरोबर चौथ्या मजल्यावरही तेच. चाचांनी वायरिंग तपासलं, दाराची चाकं बदलली. मग पाचव्यावरही सुरू झालं.

सोसायटीचे अध्यक्ष आप्पासाहेब बराटे. इमारत उभी होती ते त्यांच्याच घरचं शेत. सहाव्या मजल्यावर राहायचे. ते एका सकाळी थेट ऑफिसात आले.

"लिमयेसाहेब, तुमचा मिस्त्री दर खेपेला नवा पार्ट टाकतो आन् लिफ्ट दर खेपेला एक मजला वर जाऊन अडती. ह्यो काय धंदा हाय?" ते चाचांच्या समोरच म्हणाले. "आमाला वाटतं, पार्ट खपवायचा धंदा हाय. म्हैनाअखेर मीटिंग हाय. कंत्राट बंद करनार. शेजारच्या सोसायट्या बी आमचंच बघून ठरवनार."

 चाचांनी टोपी काढून हातात घेतली आणि ती उगाच झटकत राहिले. वर्षभरात त्यांना कुणी चोर म्हटलेलं उल्काने ऐकलं नव्हतं. त्यांनीही आयुष्यात ऐकलं नसावं.

आप्पासाहेब गेल्यावर उल्का म्हणाली, "सर, केबिन एक, सेन्सर एक. मग ठरावीक मजल्यांवर आणि संध्याकाळीच का? कुणीतरी तिथे दिवसभर बसून बघायला हवं."

"बसवायला माझ्याकडे माणूस नाही," अनंतराव म्हणाले. "आणि तुमचं वर्षही संपत आलंय. पुढे ठेवता येईल असं धरून चालू नका."

म्हणून उल्का रविवारी स्वतःच गेली. दुपारी स्कूटी काढून धायरीहून वारज्याला आली, पाचव्या मजल्यावर चढली आणि लिफ्टसमोरच्या पायरीवर बसली. समोरच्या घरातून एका म्हाताऱ्या बाईंनी दार किलकिलं केलं.

"कुनाकडं आलीस गं?"

"या दाराकडे, आजी," उल्काने लिफ्टकडे बोट केलं.

सोजरबाई त्यांचं नाव. मुलाकडे राहायच्या. गुडघ्यांनी जिना उतरवत नव्हता. रोज संध्याकाळी खाली बाकावर चार बायकांत जाऊन बसणं हाच त्यांचा विरंगुळा. महिनाभर तोही बंद होता.

"एकदा गेले आन् खालीच अडकले," त्या म्हणाल्या. "लिफ्ट येईना. पोरानं खुर्चीत बसवून वर आनलं. सगळी बिल्डिंग बघत होती. तवापासनं जातच न्हाई."

त्यांनी उल्काला बसायला स्टूल दिलं, चहा दिला. दुपारभर लिफ्ट शहाण्यासारखी चालली. ऊन कललं. खेळून आलेली दोन मुलं पाचव्यावर उतरली, घरात पळाली, आणि त्यांच्यामागे दार उघडंच राहिलं.

उल्का उठली. दारात कुणी नव्हतं, तरी सेन्सरचा लाल ठिपका पेटलेला होता, म्हणजे मध्ये काहीतरी उभं आहे असंच सेन्सरचं म्हणणं होतं. तिने त्याची काच पुसली. काही फरक नाही. जवळून बघावं म्हणून ती दाराबाहेरूनच उजव्या कडेच्या सेन्सरच्या पट्टीशी ओणवी झाली, आणि तेवढ्यात लाल ठिपका विझला. दार तिच्या नाकासमोरून मिटू लागलं. दचकून ती मागे सरली. ठिपका पेटला, दार पुन्हा उघडलं.

ती पुन्हा वाकली. दार मिटू लागलं. सरली, उघडलं.

उल्काने केबिनच्या पत्र्याकडे पाहिलं. तिथे तिची सावली पडली होती. ठळक, काळी, कडेने पिवळी झळाळी असलेली. पॅसेजच्या टोकाला एक खिडकी होती आणि तिच्यातून तिरपं ऊन आत येत होतं, थेट सेन्सरच्या पट्टीवर.

तिने खिडकीकडे तोंड केलं आणि ती जागीच थांबली. खिडकी पूर्वेची होती. सूर्य इमारतीच्या मागे पश्चिमेला मावळत होता. मग पूर्वेकडून ऊन कसं?

ती धावत खिडकीशी गेली. खाली दुसऱ्या मजल्यापर्यंत झाडांची दाटी होती आणि तिच्यावरून, रस्त्यापलीकडे जरा उजवीकडे, नव्या ऑफिसांची एक उंच इमारत उभी राहत होती. तिच्या दर्शनी भिंतीला अर्ध्यापर्यंत आरशासारखी काच लागली होती, वरचा भाग अजून उघडा, परांचीने वेढलेला. त्या काचेत मावळता सूर्य पेटला होता.

"आजी!" उल्का ओरडली. "ती समोरची काच कधीपासून लागतेय?"

"दिवाळीपासनं. आधी खालून लावत आले, आता वर वर चाललेत. का गं?"

"तुमच्याकडे जाड चादर आहे?"

सोजरबाईंनी वाकळच आणली. दोघींनी मिळून ती खिडकीच्या गजांना बांधली. पॅसेज अंधारला. मागे खट्ट आवाज झाला आणि लिफ्टचं दार सुरळीत मिटलं.

उल्काला हसू आवरेना. कॉलेजच्या अंधाऱ्या लॅबमध्ये तिने आरसे मांडून, टाचण्या टोचून परावर्तनाचे कोन मोजले होते. ते कुणाच्या उपयोगी पडतील असं तिला कधी वाटलं नव्हतं. तिने सोजरबाईंचा हात धरला आणि लिफ्टचं बटण दाबलं. "चला, खाली जाऊ. बाकावर."

"आत्ता?"

"आत्ताच. ऊन आहे तोवर."

चाचा फोन मिळताच निघाले, पण नेहमीसारखे उन्हामागून पोचले. उल्काने त्यांना पाचव्यावर नेलं, सगळं सांगितलं. त्यांनी खिडकीतून ती काच बघितली, परांची बघितली, कुठल्या मजल्यापर्यंत काम आलंय ते बघितलं. मग ते तिथल्याच पायरीवर बसले आणि हसू लागले. हसता हसता त्यांनी टोपीने डोळे पुसले.

"बेटा, मी आत शोधत होतो," ते म्हणाले. "महिनाभर आतच शोधत होतो."

दुसऱ्या दिवशी अनंतराव स्वतः स्कूटरवरून आले, तेही वेळेआधी. आप्पासाहेब, सोसायटीची चार माणसं आणि बाकावरच्या बायका, सगळे पाचव्या मजल्यावर जमले. उन्हाची वेळ झाली, दार अडलं. उल्काने वाकळ लावली, दार मिटलं. काढली, उघडलं.

"भर दुपारी काजवा दिसेल का आप्पा?" तिने विचारलं. "सेन्सरचे किरण म्हणजे काजवा. त्याच्यावर हे एवढं ऊन पडलं की सेन्सरला आपले किरण दिसत नाहीत. त्याला वाटतं, मध्ये माणूस उभा आहे. तो दार मिटू देत नाही."

आप्पासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "पटतंय. पन न्हाई बी पटत. मिस्त्री पार्ट बदलायचा तवा बी दोन दिस बरं चालायचं. उद्या म्हनाल, चुकलं. आमच्या सहाव्याव का अडत न्हाई मग?"

"कारण समोर काच तेवढ्या उंचीवर अजून लागलेली नाही," उल्का म्हणाली. "ती लागली, आणि आभाळ मोकळं असलं, की त्याच संध्याकाळी तुमच्या मजल्यावर लिफ्ट अडेल."

पॅसेजमधली माणसं एकमेकांकडे बघू लागली. लिफ्ट बंद पडेल असं वचन देणारा मेकॅनिक कुणी पाहिला नव्हता.

अनंतराव हळूच म्हणाले, "रायकर, हे जरा जास्त होतंय का?"

"नाही सर. गणित सोपं आहे."

"ठरलं," आप्पासाहेब म्हणाले. "तिसऱ्या, चवथ्या, पाचव्याच्या खिडक्यांना पडदे लावा. सहाव्याची उघडी ठेवा. अडली तर कंत्राट तुमचं. न्हाई अडली तर मीटिंगमधी काय व्हईल ते बघा."

पडदे लागले आणि त्या दिवसापासून खालचे तिन्ही मजले सुरळीत चालू लागले. पण कुणाचं लक्ष तिकडे नव्हतं. सगळ्या त्रिवेणी हाइट्सचा डोळा समोरच्या परांचीवर लागला होता. दोरांना लटकलेले काच बसवणारे कामगार सकाळी वर चढले की बायका गॅलरीत येऊन बघायच्या. आप्पासाहेब रोज संध्याकाळी सहाव्या मजल्यावर लिफ्टसमोर खुर्ची टाकून बसू लागले. एकदा काच लागली, पण ढग आले. लिफ्ट सहाव्यावर आली, उघडली, मिटली. आप्पासाहेबांनी फोन केला, "रायकरबाई, न्हाई अडली!"

"आभाळ बघा आप्पा," उल्का म्हणाली. पण त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. उल्का आणि चाचा दुपारीच पोचले होते आणि गच्चीवरच्या मशीनरूममध्ये तेलपाणी करत बसले होते. ऊन पिवळं झालं. खालून लिफ्ट निघाली, दोर सरसरले, चाक फिरून थांबलं. दोघं चाकाकडे बघत राहिले. चाक पुन्हा फिरेना.

मग खालून जिन्याजिन्यांत घुमणारी आप्पासाहेबांची आरोळी आली.

"अडली! अडली रं अडली! सहाव्याव लिफ्ट अडली!"

दारं उघडली. माणसं जिन्याने वर पळत आली, वरची खाली उतरली. उल्का सहाव्यावर पोचली तेव्हा उघड्या, ढिम्म लिफ्टसमोर अख्खी इमारत उभी होती आणि टाळ्या वाजवत होती. कुणी शिट्टी मारली. सोजरबाईंनी तिच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. उन्हाची तिरीप सेन्सरवर पडली होती; पोरं पुढे होऊन हाताची सावली धरत होती, दार मिटत होतं, आणि हात काढला की हसण्याच्या गदारोळात पुन्हा उघडत होतं.

आप्पासाहेब गर्दी सारून चाचांसमोर आले. सगळ्यांच्या देखत त्यांनी हात जोडले.

"दादामियाँ, मी तुमाला नको ते बोल्लो. मोठ्या मनानं सोडून द्या."

चाचांनी ते जोडलेले हात आपल्या हातांत घेतले. "दिलं सोडून आप्पासाहेब. पण माफी मागायची नाही, हिला पेढे द्यायचे."

पेढे आले. अनंतरावही आले, उशिरा, घामाघूम, कर्वे रोडला शिव्या घालत. त्याच आठवड्यात चाचा आणि उल्काने सेन्सरवर पत्र्याची छोटी छपरी बसवली आणि सगळ्या खिडक्यांना उन्हाला अडवणारी फिल्म लावली. समोर काच पार गच्चीपर्यंत गेली, पण त्रिवेणी हाइट्सचं दार पुन्हा अडलं नाही. कंत्राट तर राहिलंच. शेजारच्या दोन सोसायट्यांनी विचारणा केली आणि दोघींनीही आधी हेच विचारलं, की ती रायकरबाई येणार का?

महिन्याच्या शेवटच्या दिवशी अनंतरावांनी उल्काला बोलावलं.

"तुमची शिकाऊ उमेदवारी आज संपली. सरकारचा अर्धा वाटा बंद होणार, याचं मला मनापासून दुःख आहे," ते म्हणाले. "उद्यापासून सगळा पगार मलाच द्यावा लागेल. वारज्याच्या बाजूच्या सगळ्या लिफ्ट तुमच्याकडे. चाचा म्हणतात, त्यांना विचारायची गरज पडणार नाही. मी म्हणतो, विचारत जा, त्यांना बरं वाटतं."

उल्का नुसती हसत उभी राहिली.

"काही बोलायचं नसेल तर फोन घ्या. तो मघापासून वाजतोय."

त्या रात्री धायरीत बजरंगनी तिला जेवता जेवता तीन वेळा सगळी हकीकत सांगायला लावली. तिने ताटातली वाटी आरशासारखी धरून, मोबाइलची बॅटरी पेटवून दाखवलं. ते लक्ष देऊन बघत राहिले, उठून बाहेर ओट्यावर गेले, आणि भावाला फोन लावून सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगू लागले.

"आरं, संध्याकाळी ऊन पूर्वंकडून येत हुतं! व्हय, पूर्वंकडून! बाकीच्यांना दिसलं न्हाई, आमच्या उल्कीनं धरलं. आता ती पक्की झाली. वारज्यातल्या समद्या लिफ्टा तिच्या ताब्यात हायती. न्हाई रं, सूर्य तिकडं गेला न्हवता, काच... थांब, तुला उद्या येऊन वाटीनं दावतो."

आत मैना हसत होती. उल्काने आणखी एक भाकरी मागून घेतली.